चार थाऊ आणि नळीत राहिलेली गोळी

बोल्ट पुढे सरकला, मूठ खाली वळायला लागली आणि शेवटच्या बोटभर अंतरात अडली. तळव्याने दाबली तेव्हा बसली. बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा. नवी रायफल, पहिलंच काडतूस, ऑगस्टमधली शनिवारची सकाळ. नवी वस्तू आधी जरा घट्टच असते असं मनाशी म्हणत नेम धरला आणि चाप ओढला. आवाज नेहमीचा, खांद्याला धक्काही नेहमीचाच. पण मूठ वर उचलायला गेलो तर ती जागची हलेना. शेवटी खालून तळव्याने ठोसा दिला तेव्हा सुटली.

काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी हातात घेऊन बूड उन्हात धरलं. बुडाच्या मध्ये दारू पेटवणारी छोटी टोपी असते, प्रायमर; तिच्या कडा एरवी गोलसर असतात, त्या चपट्या होऊन खोबणीच्या काठापर्यंत पसरल्या होत्या. शिक्क्यातल्या अक्षरांच्या बाजूला एक चकचकीत अर्धचंद्र उमटला होता. बोल्टच्या तोंडावर इजेक्टरचं, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या कळीचं, भोक असतं. दाबाने पितळ त्या भोकात शिरतं आणि मूठ फिरताना खरवडलं जातं, त्याची ती खूण. क्रोनोग्राफवर वेग दिसत होता २,७३८ फूट प्रति सेकंद. त्याच खोक्यातली काडतुसं माझ्या जुन्या रायफलमधून २,६४० च्या आसपास जायची, आणि दोन्ही नळ्या २२ इंचांच्याच.

खात्री करावी म्हणून मी दुसरं काडतूस झाडलं. ती चूक होती. पहिल्या पुंगळीने जे सांगायचं ते सांगितलं होतं. दुसरीने तेच सांगितलं आणि मी बोल्ट काढून रायफल पेटीत ठेवली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "नवी आहे, शंभरेक राउंड झाडलेस की मोकळी होईल." माणूस चांगला, सल्ला मनापासून दिलेला. पण ६२,००० पौंड दर चौरस इंच ही माझ्या .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या दाबाची ठरवून दिलेली कमाल सरासरी आहे, आणि चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तो दाब अडवून धरणारं पितळ आपल्याला काही सांगत असेल, तर त्यावर आणखी ९८ राउंड झाडणं हे उत्तर असू शकत नाही.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. माझ्या जन्माच्या आधीच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, शिकारीवर कडक बंधनं आली होती. बंदूक होती ती वानरं आणि डुकरं बागेतून हाकलायला, बहुतेक वेळा नुसत्या आवाजाची. पण आजोबा दारू भरताना मापाची नळी डोळ्यासमोर धरून तिचं तोंड बोटाने सपाट करत. "अंदाजान घालू नको रे," एवढंच म्हणत. पुढे भोसरीच्या एका टूलरूममध्ये नऊ वर्षं गेज तपासण्यात काढली, तिथेही हेच ऐकलं, फक्त मापं बदलली. आता विस्कॉन्सिनमध्ये राहतो, मॅडिसनजवळ. नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या हंगामात एका शेतकरी ओळखीच्यांच्या जमिनीवर हरणाच्या शिकारीला जातो. वर्षभराचं मांस त्यातून येतं. काडतुसं सहा वर्षांपासून घरीच भरतो.

घरी येऊन सगळ्यात आधी चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, पुसलं. हे खरं तर रेंजवर जाण्याआधी करायचं काम. कारखान्यातून रायफल निघते तेव्हा गंज चढू नये म्हणून तिला तेल-ग्रीस लावलेलं असतं. मी नळी साफ केली होती, पण चेंबरमध्ये जाडसर बोळा फिरवला नव्हता. आता फिरवला तर पिवळट चिकट थर निघाला. चेंबरमध्ये तेल असलं की पुंगळी भिंतींना धरत नाही, सगळा जोर मागे बोल्टवर येतो. म्हणजे एक कारण सापडलं. पण एवढ्याने मूठ बंद होताना का अडावी, याचं उत्तर मिळत नव्हतं.

मग उरलेल्या ३८ काडतुसांचा हिशेब. प्लास्टिकच्या हातोड्यासारखं अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटायचं की गोळी आणि दारू त्याच्या पोटात सांडते. तळघरात काँक्रीटवर ते आपटणं तासभर चाललं. बायको जिन्यावर येऊन विचारून गेली, "किती राहिल्या रे?" प्रत्येकाची दारू वेगळी तोलली. तोलण्याआधी काटा प्रमाणित वजनांवर तपासला. सगळी मापं एक दशांश ग्रेनच्या आत, पुस्तकातल्या कमाल मात्रेच्या बरीच खाली. म्हणजे दारू जास्त पडलेली नव्हती. पुंगळ्यांची लांबी घेतली. कमाल २.०१५ इंच चालते, माझी सगळ्यात लांब २.०१२. तोंड चेंबरच्या टोकाला टेकून गोळीवर आवळलं जात असेल हा संशयही गेला. झाडलेल्या दोन पुंगळ्यांच्या तोंडात सुटी गोळी सोडून पाहिली. दोन्हींत ती स्वतःच्या वजनाने आत गेली, म्हणजे मानेला चेंबरमध्ये फुगायला पुरेशी जागा होती. ही परीक्षा मला फार आवडते. पैसा लागत नाही, अवजार लागत नाही, आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं.

दुसऱ्या दिवशी रेंजवर दुकानातून आणलेली तीन तयार काडतुसं झाडली. मूठ लोण्यातून सुरी जावी तशी बंद झाली आणि तशीच उघडली. प्रायमरच्या कडा गोल, बुडावर चमक नाही. फक्त फायरिंग पिनच्या खळग्याभोवती एक बारीक उंच कडं होतं, विवराच्या काठासारखं. तसंच कडं माझ्या दोन्ही पुंगळ्यांवरही होतं आणि मी ते दाबाच्या खुणांत धरलं होतं. दुकानातल्या काडतुसांवरही ते येतंय म्हटल्यावर भिंगाने बोल्टचं तोंड पाहिलं. पिनच्या टोकाभोवती भोकाला किंचित जास्त फट होती आणि प्रायमरचा पत्रा तिथे थोडा उगवत होता. ते या रायफलचं रोजचं वळण होतं, दाबाशी त्याचा संबंध नव्हता. एक खूण यादीतून खोडली.

आता रायफल बरी आणि काडतुसं आजारी, एवढं कळलं होतं. पण काडतुसांत नेमकं काय?

बोल्ट उघडून फायरिंग पिनची जोडणी आणि इजेक्टरची स्प्रिंग बाहेर काढली. असा रिकामा बोल्ट चेंबरात सरकवला की मूठ आपल्या वजनाने खाली पडते आणि बारीकसा अडथळासुद्धा बोटाला कळतो. घरात जिवंत काडतूस चेंबरला लावायचं नाही हा माझा नियम आहे. पुढचं सगळं प्रायमर आणि दारू नसलेल्या पुंगळ्यांवर केलं. डाय म्हणजे झाडलेली पुंगळी प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणणारा साचा. जुन्या सेटिंगवर त्यातून काढलेली रिकामी पुंगळी घातली. मूठ अर्ध्यात थांबली.

भोसरीत दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते बघायला आम्ही निळा रंग लावायचो. जॉबवर पातळ हात फिरवायचा, बसवायचं, काढायचं, आणि रंग जिथे पुसला गेला तिथे कानस. इथे मी काळा मार्कर घेतला. पुंगळी बुडापासून मानेपर्यंत रंगवली, चेंबरमध्ये घातली, मूठ हलकेच दाबून बंद केली आणि बाहेर काढली. बूड काळंच होतं. अंग काळंच. खांद्यावर मात्र, जिथे अंग उतरत मानेकडे वळतं तिथे, पितळाची पिवळी बांगडी गोल लखलखत होती. पूर्ण फेरी, कुठेही न तुटलेली. ती बघून मी खुर्चीत टेकलो. दोन दिवस मनात जे घोळत होतं ते त्या बांगडीत लिहिलेलं होतं.

मापांनी तेच सांगितलं. व्हर्नियरला कम्पॅरेटर लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर घेतलं. जुन्या रायफलमध्ये झाडलेल्या पुंगळ्या १.६३६ इंच. पितळ जास्त ताणलं जाऊ नये, पुंगळी जास्त वेळा वापरता यावी, म्हणून मी डाय मुद्दाम वर ठेवून खांदा फक्त दोन थाऊ मागे घ्यायचो, १.६३४ वर. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जुन्या रायफलसाठी ते अगदी बरोबर होतं. नव्या रायफलमध्ये झाडलेल्या दुकानातल्या तीन पुंगळ्या निघाल्या १.६३२. चेंबर १.६३२ चं आणि मी त्यात १.६३४ कोंबत होतो. दोन थाऊ डोळ्याला दिसत नाहीत, पण बोल्टच्या मुठीला दिसतात.

तरी शंका नको म्हणून गनस्मिथकडे गेलो. त्याने गो गेज घातलं, ज्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा ते, १.६३० चं, मूठ पडली. मग नो-गो, ज्यावर बंद व्हायला नको ते, १.६३४ चं, मूठ थांबली. चेंबर मापात होतं, फक्त लहान टोकाकडे. सॅमी ही संस्था अमेरिकेत १९२६ पासून ही मापं ठरवते, आणि .३०८ च्या चेंबरला या जागी १.६३० ते १.६४० अशी दहा थाऊंची मोकळीक देते. कारखान्यातलं काडतूस कुठल्याही चेंबरात बसावं म्हणून बहुधा आखूड केलेलं असतं. माझी काडतुसं एकाच चेंबरात घडलेली होती आणि त्याच चेंबराची होती. खोक्यावर मी ".३०८" एवढंच लिहिलं होतं. कुठल्या रायफलसाठी ते लिहिलं नव्हतं.

डाय खाली घ्यायची होती ती चार थाऊ, १.६३० पर्यंत, म्हणजे नव्या चेंबरला दोन थाऊंची जागा राहील. डायच्या आट्यांना इंचाला १४ फेरे असतात. एक पूर्ण फेरा म्हणजे ७१ थाऊ. चार थाऊसाठी फक्त वीस अंश फिरवायचं, घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या साडेतीन मिनिटांपेक्षाही कमी. मी डायच्या कड्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि अर्धं-अर्धं मिनिट सरकवत गेलो. गणित एवढं सरळ नसतं. वंगण कमी-जास्त झालं की एखाद थाऊचा फरक पडतो, प्रेसचा दांडा किती जोराने दाबला त्यानेही पडतो, आणि पाच-सहा वेळा झाडलेलं पितळ कडक होऊन मागे उसळतं. म्हणून प्रत्येक सरकवणीला तीन पुंगळ्या, प्रत्येकीचं माप. दहाव्या-अकराव्या पुंगळीला १.६३० आलं. रिकाम्या बोल्टमागे घातली. मूठ वाटेत कुठेही न थांबता टकदिशी खाली पडली.

इथे मला वाटलं काम झालं.

एका मोकळ्या पुंगळीत गोळी बसवली, जुन्याच लांबीला, आणि नमुना म्हणून चेंबरला लावली. मूठ पुन्हा अडली. पहिल्यासारखी नाही, थोडी वेगळी. खांद्याचा अडथळा एकदम येतो. हा लवकर सुरू झाला आणि मऊ होता, ओल्या मातीत पहार रुतावी तसा. दाबून बंद केली, मग बोल्ट मागे ओढला.

पुंगळी बाहेर आली. तिच्या तोंडात गोळी नव्हती.

मी नळीत वरून टॉर्च मारला तर पलीकडे अंधार. गोळी चेंबरच्या पुढे, रायफलिंग, म्हणजे नळीतला पीळ, सुरू होतं त्या ठिकाणी रुतून बसली होती. साफसफाईची सळई तोंडाकडून घालून हलका दाब दिला तेव्हा ती सुटून तळहातावर पडली. तांब्याच्या आवरणावर गोल फेरीत सारख्या अंतरावर आयताकृती ठसे उमटले होते, नखाने जाणवतील इतके खोल. नळीतल्या पिळाच्या उंचवट्यांचे ते ठसे होते. ती गोळी मी अजून टेबलाच्या खणात ठेवली आहे.

तिकडे बघताना मला नोव्हेंबरची संध्याकाळ दिसत होती. वेळ संपली, रायफल रिकामी करायची म्हणून अंधारात बोल्ट ओढला, गोळी नळीत राहिली, दारू सगळी बोल्टच्या यंत्रणेत सांडली, हात गारठलेले, गाडी मैलभर लांब. आणि त्याहून वाईट म्हणजे कुणी ते न बघता दुसरं काडतूस मागून सरकवलं तर. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आता दाबाचंही कोडं सुटत होतं. गोळी उंचवट्यांना आधीच टेकलेली असली की दारू पेटताना तिला धावायला अंतर मिळत नाही. तिला हलवायलाच जास्त जोर लागतो आणि तेवढ्यात दाब चढतो. ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीच्या मागे लपली होती. घट्ट खांदा मूठ बंद होऊ देत नव्हता आणि उघडूही देत नव्हता, गोळीने दाब चढवला, तेलाने बोल्टवरचा जोर वाढवला. तिन्ही मिळून एकच जड मूठ. मी खांदा दुरुस्त करून थांबलो असतो तर मूठ पुरती मोकळी झाली नसती, पण "बरीच सुधारली" म्हणून मी ती चालवून घेतली असती, आणि दाब तिथेच राहिला असता. यातलं सगळ्यात घाबरवणारं मला हेच वाटतं.

उंचवटे नेमके कुठे सुरू होतात ते शोधायला एका पुंगळीच्या मानेला बारीक करवतीने उभी चीर दिली. आता मान गोळीला धरते पण घट्ट नाही. गोळी मुद्दाम बाहेर ठेवून चेंबरला लावली की उंचवटेच तिला मागे ढकलून आपल्या जागी बसवतात. मग जपून बाहेर काढून बुडापासून गोळीच्या फुगीर भागापर्यंत माप घ्यायचं. पाच वेळा केलं. सरासरी २.१७५. जुनी काडतुसं मी २.१९० वर बसवत होतो, कारण जुन्या रायफलचे उंचवटे २.२१० वर होते आणि मी वीस थाऊ मागे राहायचो. नव्या रायफलमध्ये तीच गोळी पंधरा थाऊ आत घुसत होती. नवी लांबी ठरवली २.१५५.

इथे एक गोष्ट विसरता येत नाही. गोळी पस्तीस थाऊ खोल बसवली की पुंगळीच्या आतली जागा तेवढी घटते. जागा घटली की दाब बदलतो. म्हणून जुनी मात्रा जुनी म्हणून उचलायची नाही. पुस्तकातल्या सुरुवातीच्या मात्रेपासून परत चढत जायचं. मी पाच टप्पे केले, प्रत्येकी तीन काडतुसं, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रेंजवर गेलो तेव्हा हवा थंड होती. प्रत्येक काडतुसानंतर मूठ दोन बोटांनी उचलायची, पुंगळी बघायची, वेग लिहायचा, मगच पुढचं. असं पंधरा वेळा. चौथ्या टप्प्यावर २,६१५ फूट आले आणि तीन गोळ्या १०० यार्डांवर आवळ्याएवढ्या गोलात पडल्या. पाचव्या टप्प्यातही कुठलीच वाईट खूण नव्हती, पण मी चौथाच घेतला. हरणाला त्या वीस-तीस फुटांचा फरक कळत नाही. मला मात्र थंडीत ताठरलेल्या हाताला हलकी मूठ हवी होती, आणि जनावर जखमी होऊन पळालं तर दुसरी गोळी लगेच झाडता यायला हवी. त्याला तडफडत ठेवणं मला कधीच सहन झालेलं नाही.

जुन्या रायफलची डाय मी आता वेगळी ठेवली आहे, लॉक रिंग आवळून, वर तिचा नंबर लिहून. नवीची वेगळी. पुंगळ्याही वेगळ्या डब्यांत, एकमेकींत मिसळायच्या नाहीत. हंगामाआधीच्या रविवारी भरलेली सगळी काडतुसं रेंजवर नळी सुरक्षित दिशेला धरून एक-एक करून बोल्टमधून फिरवली. चाळीसच्या चाळीस.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, हंगामाच्या पहिल्या पहाटे, मी किकापू नदीच्या खोऱ्यातल्या त्या उतारावर ओकच्या बुंध्याला टेकून बसलो. अंगात भगवं जाकीट, पायाखाली गोठलेली पानं. काडतूस चेंबरमध्ये घातलं आणि मूठ खाली आली, अंगठ्याच्या नुसत्या भाराने. दिवसभरात दोन माद्या आणि एक पाडस दिसलं, तिन्ही लांबून गेली, मध्ये झाडी दाट होती, मी झाडलं नाही. वेळ संपली तेव्हा जमिनीचे मालक, ऐंशीच्या घरातले म्हातारे, खालून टॉर्च घेऊन वर येत होते. "काय रे, मिळालं काही?" त्यांनी लांबूनच विचारलं. मी म्हटलं, "नाही, उद्या बघू. तुम्ही तिथेच थांबा, मी रिकामी करून येतो."

नळी डोंगराच्या बाजूला वळवली आणि बोल्ट हळू मागे ओढला. काडतूस पूर्ण बाहेर आलं आणि तळहातावर पडलं. टॉर्चच्या उजेडात गोळीचं तांबं फिरवून पाहिलं. एकही ओरखडा नव्हता.